लेन्स्टर हाऊसची, म्हणजे आयर्लंडच्या संसदेची, प्रेक्षक गॅलरी आणि तिथल्या भाषणांची नोंद: दोन वर्षांच्या वापरानंतर

डब्लिनच्या टाला भागात एका नर्सिंग होमच्या ऑफिसात मी काम करते. नवीन माणूस घ्यायचा ठरला की त्याचं गार्डा व्हेटिंग माझ्याकडे येतं. गार्डा म्हणजे इथले पोलीस, व्हेटिंग म्हणजे त्यांच्याकडून होणारी पूर्वनोंदीची तपासणी. उमेदवार जन्मापासूनचे सगळे पत्ते भरतो, कधी शिक्षा झाली असेल तर तीही लिहितो. मग अर्ज टिपेररी काउंटीत थर्ल्सला, नॅशनल व्हेटिंग ब्यूरोकडे जातो आणि उत्तर माझ्या नावावर परत येतं. लहान मुलं किंवा म्हातारी, आजारी माणसं असतील अशा ठिकाणी काम करायचं तर २०१६ पासून याला पर्याय नाही. आमच्याकडे भांडी घासणाऱ्यालाही व्हेटिंग लागतं.

तीन वर्षांपूर्वी स्वयंपाकघरातल्या कामासाठी एक गृहस्थ आले होते. वय पंचेचाळीसच्या आसपास, हॉटेलांच्या किचनमध्ये उभं आयुष्य गेलेलं, हात कामाने कडक झालेले. मुलाखत छान झाली. व्हेटिंगचं उत्तर आलं त्यात दोन शिक्षा होत्या, दोन्ही चोरीच्या, दोन्ही एकोणिसाव्या वर्षीच्या, मध्ये चार महिन्यांचं अंतर. त्यानंतर पंचवीस वर्षांत काहीही नाही. वरून निरोप आला की नको. फोन मी केला. त्यांनी माझं बोलणं मध्ये न तोडता ऐकलं आणि शेवटी म्हणाले, "कळवल्याबद्दल आभार." ते आभार मला फार लागले. एखादा माणूस नकाराची इतकी सवय करून घेतो, म्हणजे त्याच्या वाट्याला किती नकार आले असतील!

मग मी कायदा शोधला. २०१६ च्या कायद्याप्रमाणे खालच्या कोर्टातली बारा महिन्यांपर्यंतची शिक्षा सात वर्षांनी 'स्पेंट' होते, म्हणजे नोकरीच्या अर्जात ती सांगावी लागत नाही. लैंगिक गुन्ह्यांना ही सवलत नाही, ते योग्यच आहे. पण किरकोळ वाहतुकीचे आणि सार्वजनिक शांततेचे गुन्हे सोडले तर ही सवलत आयुष्यात एकाच शिक्षेला मिळते. त्या गृहस्थांची एकच चोरी असती तर माझ्यासमोर कोरा कागद आला असता. चार महिन्यांनी दुसरी घडली म्हणून पंचवीस वर्षांनंतरही दोन्ही हजर!

हे मी चहाच्या सुट्टीत बोलून दाखवलं, तेव्हा आमची एक नर्स म्हणाली, "यावर आमची लिन बोलत असते की. जा, वाच." ती किलिनार्डनची. लिन म्हणजे सिनेटर लिन रुआन, त्याही किलिनार्डनच्याच. त्या दिवसापासून आयर्लंडच्या संसदेची भाषणांच्या नोंदीची ही सेवा मी वापरते आहे. इथे राहणाऱ्या मराठी माणसांपैकी फारच थोड्यांना तिची माहिती आहे असं दिसलं, म्हणून सविस्तर लिहिते.

संसदेला इथे इरॉक्तस म्हणतात, खालच्या सभागृहाला डॉइल आणि वरच्याला शॅनड. डॉइलचा सदस्य तो टीडी, शॅनडचा तो सिनेटर. दोन्हीकडे बोललेला शब्द न् शब्द टिपला जातो आणि सगळ्यांना खुला असतो. डॉइलची नोंद १९१९ पासूनची आहे, शॅनडची १९२२ पासूनची. पैसे नाहीत, नाव नोंदवायचं नाही, नागरिक असायची अट नाही. एखाद्या सदस्याचं नाव निवडलं की त्याचं प्रत्येक भाषण तारखेप्रमाणे समोर येतं. आजचं बोलणं बहुतेक वेळा आजच वाचायला मिळतं, नंतर ते तपासून पक्कं होतं. थेट प्रक्षेपणही आहे. पण मी वाचनच पसंत करते, कारण रात्रपाळीवरून आल्यावर मला हळू वाचायचं असतं, थांबून एखादं वाक्य पुन्हा बघायचं असतं.

आधी गॅलरीबद्दल. लेन्स्टर हाऊस किल्डेअर स्ट्रीटवर आहे. टालाहून लुआसची, म्हणजे इथल्या ट्रामची, रेड लाइन धरायची, ॲबी स्ट्रीटला उतरायचं, नदी ओलांडून ट्रिनिटी कॉलेजच्या भिंतीकडेने चालत जायचं, पंधरा-वीस मिनिटं. चर्चा ऐकायला गॅलरीत बसायचं तर एखाद्या टीडीच्या किंवा सिनेटरच्या ऑफिसला आधी कळवावं लागतं, त्यांच्या नावावर पास निघतो. मी आमच्या भागातल्या एका टीडीच्या ऑफिसला मेल केला. पहिल्याचं उत्तर आलंच नाही, दुसरा पाठवला तेव्हा दोन दिवसांत काम झालं. फोटो असलेलं ओळखपत्र न्यायचं. दारावरच्या माणसांनी माझं नाव नीट विचारून, दोनदा म्हणून बघून, बरोबर उच्चारलं. इतकी वर्षं इथे राहून ही गोष्ट मला अजूनही सुखावते.

अठराव्या शतकात एका उमरावाने बांधलेलं हे घर. शॅनड भरतो ते दालन आपल्याला वाटतं त्याहून बरंच लहान आहे, आणि छतावरचं चुन्याचं नक्षीकाम बघत राहावं असं. २०१७ ते २०१९ त्या छताची दुरुस्ती चालू होती, तेव्हा सभागृह शेजारच्या राष्ट्रीय संग्रहालयात भरत असे. मी गेले त्या दिवशी लिन रुआन यांचं भाषण नव्हतं. सकाळच्या कामकाजात सिनेटर एकेक करून आपापल्या भागातले प्रश्न मांडत होते. खुर्च्यांवर मी मोजले तर नऊ जण. आधी वाईट वाटलं. मग लक्षात आलं की बोलणारा समोरच्या नऊ जणांसाठी बोलतच नाही, तो नोंदीसाठी बोलतो आहे. नोंद करणारा माणूस खाली बसलेला दिसतो. पुढे दोन वर्षं मी जे वाचलं ते तिथून निघतं.

गॅलरी एकदा बघावी. खरी सेवा म्हणजे नोंद.

लिन रुआन २०१६ मध्ये डब्लिन विद्यापीठाच्या, म्हणजे ट्रिनिटीच्या, पदवीधरांच्या मतांवर निवडून आल्या, नंतर २०२० आणि २०२५ मध्ये पुन्हा. शॅनडच्या साठ जागांपैकी सहा विद्यापीठांच्या, अकरा टीशकने म्हणजे पंतप्रधानाने नेमायच्या, उरलेल्या त्रेचाळीस मुख्यतः नगरसेवक आणि खासदारांच्या मतांवर भरतात. म्हणजे सामान्य मतदाराचा इथे हातच नाही. २०१३ मध्ये हे सभागृह बंदच करावं का यावर सार्वमत झालं होतं आणि ते जेमतेम वाचलं, ५१.७ टक्क्यांनी. पंधराव्या वर्षी आई झालेली, शाळा सुटलेली, नंतर व्यसनमुक्तीच्या आणि वस्तीतल्या कामात रुळलेली बाई ट्रिनिटीच्या प्रवेश-योजनेतून विद्यापीठात जाते, तिथल्या विद्यार्थी संघटनेची अध्यक्ष होते आणि मग या सभागृहात येते. हे सगळं त्यांनी स्वतः जाहीर सांगितलेलं आहे. पण भाषणं वाचताना मला ही पार्श्वभूमी वेगळ्या कारणाने महत्त्वाची वाटते. न्यायखात्याच्या चर्चेत बहुतेक जण 'गुन्हेगार' हा शब्द दूरच्या कुणाबद्दल बोलावं तसा वापरतात. रुआन बोलतात तेव्हा तो माणूस शेजारच्या घरातला असतो, त्याला आई असते, त्याच्या गल्लीत बस येत नाही. त्यामुळे युक्तिवाद ढिला पडतो का? नाही. कलमांवर आल्या की त्या वकिलासारख्या काटेकोर होतात.

माझ्या कामाचं त्यांचं विधेयक २०१८ चं आहे, 'क्रिमिनल जस्टिस (रिहॅबिलिटेटिव्ह पीरियड्स)' नावाचं. सांगणं असं: सवलत एकाहून जास्त शिक्षांना मिळावी, तुरुंगवासाची मर्यादा बारा महिन्यांवरून चोवीसवर न्यावी, वाट पाहण्याची मुदत शिक्षेच्या प्रमाणात असावी, आणि अगदी तरुण वयात हातून घडलेल्या गोष्टींकडे वेगळ्या नजरेने बघावं. एकच शिक्षा माफ करणारा नियम कुणाला वगळतो, हा त्यांचा मुद्दा मला तंतोतंत पटला. व्यसनात किंवा गरिबीत सापडलेला पोरगा एकदाच चुकत नाही. त्याचे सहा महिने किंवा दोन वर्षं वाईट जातात आणि त्या काळात तो तीन-चार वेळा कोर्टात उभा राहतो. मग तो सावरतो. कायदा मात्र त्या एका वाईट काळाला चार वेगवेगळे गुन्हे म्हणून मोजतो. माझ्या टेबलावर आलेल्या कागदांत मी हे स्वतः पाहिलं आहे. तारखा जवळजवळ असतात आणि नंतर वीस वर्षं कोरी.

वाचणाऱ्यांना एक सांगते. विधेयकाचा पहिला टप्पा नुसता मांडण्याचा, दुसऱ्यात तत्त्वावर चर्चा होते, तिसरा समितीचा, मग अहवालाचा आणि शेवटचा. सगळे दुसऱ्या टप्प्यातली भाषणं वाचतात, कारण ती जोरदार असतात, वर्तमानपत्रात तीच येतात. तुम्ही तिसरा टप्पा वाचा. तिथे प्रत्येक दुरुस्तीला क्रमांक असतो आणि मंत्र्याला प्रत्येक क्रमांकावर उभं राहून हो किंवा नाही म्हणावं लागतं. 'भावना समजते, पण' या वाक्यानंतर काय येतं ते तिथेच कळतं. दुरुस्त्यांची यादी एका बाजूला आणि चर्चा दुसऱ्या बाजूला ठेवून वाचायला मला पहिल्यांदा तीन संध्याकाळी लागल्या. आता एक पुरते. मतदान झालं तर नावं दोन रकान्यांत छापतात, 'टॉ' म्हणजे होय आणि 'नील' म्हणजे नाही. तुमच्या भागात निवडणुकीचे फलक लावणारा माणूस कुठल्या रकान्यात होता, ते कायमचं तिथे राहतं.

हे २०१८ चं विधेयक मी हे लिहीपर्यंत कायदा झालेलं नाही. शिक्षा जुनी व्हायला कायदा सात वर्षं मागतो, आणि ती मुदत बदलू पाहणाऱ्या विधेयकालाच आता सात वर्षं होऊन गेली. याचा मला मनापासून संताप येतो.

सेवेतला सगळ्यात मोठा दोषही मला इथेच भेटला. डॉइल विसर्जित झालं की सदस्यांनी मांडलेली खासगी विधेयकं गळून पडतात आणि नव्या सभागृहाने पुन्हा यादीत घेतली तरच जिवंत होतात. २०२० आणि २०२४ अशा दोन निवडणुका मध्ये झाल्या. विधेयकाच्या पानावर टप्प्यांच्या तारखा असतात, पण आज ते नेमकं कुठे अडलंय आणि कुणामुळे, हे साध्या भाषेत कुठेही नाही. संसदेच्या कामात मुरलेल्या माणसाला तारखांवरून अंदाज येईल. मला एका विधेयकाचा पत्ता लावायला दोन मेल आणि एक फोन करावा लागला. फोनवरची बाई मात्र फार चांगली होती. तिने मला घाई केली नाही.

आता उलट बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर वाटेल की सगळं पाण्यातच जातं. रुआन यांनी २०२१ मध्ये एनडीएबद्दल विधेयक आणलं. एनडीए म्हणजे तोंड बंद ठेवायचा करार. कामाच्या जागी छळ झाला, लैंगिक त्रास झाला, बाईने तक्रार केली, कंपनीने पैसे दिले आणि कागदावर सही घेतली की यापुढे कुणाजवळही बोलायचं नाही. पुढे सरकारने २०२४ च्या स्वतःच्या कायद्यात यावर कलमं घातली आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून ती लागू झाली. आता भेदभाव किंवा छळाच्या प्रकरणात असा करार कामगाराने स्वतः मागितला तरच होतो. त्याला स्वतंत्र वकिलाचा लेखी सल्ला मिळाला पाहिजे आणि त्याचा खर्च मालकाचा. सही केल्यावरही चौदा दिवसांत मागे घेता येतं. गार्डांना, डॉक्टरला, युनियनला सांगायला करार आड येत नाही. ही चौदा दिवसांची गोष्ट मी आमच्या स्टाफरूममध्ये छापून लावली आहे. केअर असिस्टंट म्हणून आलेल्या आपल्या मुली परवान्याच्या भीतीने समोर येईल त्या कागदावर सही करतात. त्यांनी हे वाचलंच पाहिजे.

नोंदीची किंमत मला या उदाहरणावरून कळली. कायद्यावर नाव सरकारचं आहे. ते कलम पहिल्यांदा कुणी मांडलं, कुठल्या वर्षी, समोरून तेव्हा काय उत्तर मिळालं, हे शोधायला नोंदीशिवाय दुसरी जागा नाही.

अमली पदार्थांवरचं त्यांचं काम मी सावकाश वाचलं, कारण सुरुवातीला मला ते पटत नव्हतं. १९७७ च्या कायद्याप्रमाणे स्वतःपुरतं जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे. २०१७ च्या विधेयकात त्यांनी मागितलं की अशा माणसाला कोर्टाऐवजी आरोग्य सेवेकडे वळवावं. माझा पहिला विचार कुठल्याही आईचा असतो तोच होता. मुलगी शाळेत होती तेव्हापासून लुआसच्या थांब्यावर रोज काय दिसतं ते मला माहीत होतं. तीन-चार वर्षांची भाषणं ओळीने वाचल्यावर माझं मत हललं. पूर्ण बदललं असं नाही म्हणणार. पण शिक्षेची नोंद माणसाला कामापासून तोडते आणि काम नसलं की तो पुन्हा तिथेच जातो, ही साखळी मी व्हेटिंगच्या कागदांवर पाहिली होती, फक्त दोन्ही टोकं जोडली नव्हती. ते विधेयक पुढे गेलं नाही. २०२३ मध्ये याच विषयावर सिटिझन्स असेंब्ली, म्हणजे निवडक सामान्य नागरिकांची सभा, बसली आणि तिच्या ३६ शिफारशींचा रोख आरोग्याकडेच होता. देखरेखीखाली इंजेक्शन घ्यायच्या जागेचा कायदा २०१७ चा, आणि डब्लिनच्या 'मर्चंट्स की' (Merchants Quay) इथली जागा उघडली डिसेंबर २०२४ मध्ये. इथे सगळ्यालाच वेळ लागतो, हेही नोंद वाचूनच कळतं.

बाकीच्या तक्रारी थोडक्यात. आयरिशमध्ये केलेलं भाषण आयरिशमध्येच छापलं जातं, शेजारी इंग्रजी अनुवाद नसतो. त्या भाषेचा मान राखलाच पाहिजे. स्वतःची भाषा जपणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. पण चर्चेच्या मधोमध चार मिनिटांचं उत्तर माझ्यासाठी बंद दार होतं. शोध घेताना एक शब्द टाकला तर शेकडो निकाल येतात, म्हणून आधी सदस्य निवडा, मग सभागृह, मग वर्ष, आणि शब्द सगळ्यात शेवटी. समित्यांची चर्चा वेगळ्या ठिकाणी असते, ती विसरू नका. कितीतरी मोठे प्रश्न तिथेच तासन्तास खणले जातात. आणि बोलणं टिपताना अडखळणं, पुनरुक्ती वगैरे काढून टाकतात, म्हणून वाक्यं सगळी सरळ दिसतात. बोलताना आवाज भरून आला होता का, हे कळायला चित्रफीतच बघावी लागते.

मुलगी टीयू डब्लिनच्या, म्हणजे टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीच्या, टाला कॅम्पसमधून पदवीधर झाली आहे. २०२४ च्या सुधारणेनंतर शॅनडच्या सहा विद्यापीठ जागा एकाच मतदारसंघात आल्या आणि पुढच्या निवडणुकीत ट्रिनिटी, नॅशनल युनिव्हर्सिटीच्या बाहेरच्या पदवीधरांनाही मत मिळणार. ती आता आयरिश नागरिक आहे, नाव नोंदवायचं म्हणते. मी तिला सांगितलं, उमेदवाराचं पत्रक वाचू नकोस, आधीची भाषणं वाच, असतील तर.

पाचपैकी चार तारे. एक तारा त्या अडलेल्या विधेयकांचा ठावठिकाणा सांगत नाहीत म्हणून कापला.

आमच्या ऑफिसात एक बदल झाला. व्हेटिंगमध्ये जुनी शिक्षा आली की मी आता नुसता कागद वर पाठवत नाही. सोबत अर्धं पान जोडते: तेव्हाचं वय, दोन तारखांमधलं अंतर, त्यानंतर किती वर्षं कोरी, आणि कामाचा त्या गुन्ह्याशी संबंध काय. व्यवस्थापनाला हे लिहून विचारायची परवानगी मागितली तेव्हा दोन भाषणांतले परिच्छेद मी सोबत दिले होते. गेल्या वर्षात अशा दोघांना आम्ही घेतलं. त्यातली एक लाँड्रीत आहे, सकाळी सातला येते आणि आजींच्या शालींवर नावाच्या पट्ट्या हाताने शिवते. स्वयंपाकघरासाठी आलेल्या त्या गृहस्थांना मी पुन्हा फोन केला होता. नंबर बदललेला आहे.